गवती चहा

तुळशीला वृंदावन मिळतें, जाईला मांडव मिळतो, गुलाबाला कुंडी मिळते. गवती चहाच्या वांट्याला मात्र न्हाणीचें सांडपाणी येतें. फूल नाहीं, फळ नाहीं, आणि रूप म्हणाल तर तें बांधावरच्या गवताचें. परका माणूस तण समजून त्याला उपटूंहि लागेल. पण जातां जातां एखादी पात बोटांत चुरगळली, कीं लिंबानें लाजावें असा वास दरवळतो.

या वासाचें श्रेय शास्त्रज्ञ सिट्रल नांवाच्या द्रव्याला देतात. गवताच्या तेलांत मोठा भाग त्याचाच असतो, आणि लिंबाच्या सालींतहि तें थोडें सांपडतें. याच सिट्रलपासून कारखान्यांत आयोनोन हें सुगंधी द्रव्य करतात, आणि त्यापासून पुढें 'अ' जीवनसत्त्वहि तयार करतां येतें. तेलासाठीं केरळांत लावतात ती याची बहीण शोभेल अशी दुसरी जात. तिच्या अभ्यासासाठीं ओडक्काली येथें १९५१ सालीं संशोधन केंद्र निघालें. आपल्या परसांतील बहिणीला असा मान नाहीं. आषाढाच्या झडींत आधणांत चार पाती गांठ मारून सोडाव्या, आल्याचा तुकडा ठेंचून टाकावा, एवढ्याचसाठीं तिची आठवण होते. पाती विळीनें कापाव्या, ओरबाडूं नयेत, असें आई बजावीत असे. त्यांची कड बोट चिरते.

आमचें कोंकणांतलें घर २०१४ सालीं विकलें. भांडीं, पाट, समया यांची भावाभावांत वांटणी झाली, आणि वांटणीबरोबर व्हायचें तें मनांचेंहि झालें. न्हाणीमागचा ठोंब मीं खणून घेतला. त्यावर कोणीं हक्क सांगितला नाहीं. पुण्याच्या गॅलरींत तो तीन वर्षें फोंफावला, आणि मग मधोमध पोकळ दिसूं लागला. त्याचा धर्मच तसा आहे. नव्या फुटी कडेनें येतात, जुनें मध्य वाळत जातें. खणून विभागला नाहीं, तर आपल्याच दाटींत तो खंगतो. आई म्हणूनच दोन-तीन वर्षांनीं मृगाच्या सुमारास कुदळ घेई आणि फुटी गांवभर वांटी.

आतां पाळी माझी होती. कोयता हातांत घेऊन मी बराच वेळ उभा राहिलों. बी देणाऱ्या झाडाचें दान सोपें. मूळ झाड जागच्या जागीं राहतें. हें गवत आपल्याकडे क्वचितच फुलतें. त्याचा वंश फुटींनींच चालतो. तें द्यायचें म्हणजे तेंच तोडायचें. मग सात तुकड्यांतला आईचा कोणता?

उत्तर वनस्पतिशास्त्रांतच होतें. बियांपासून उगवतें तें अपत्य. फूट हें अपत्य नव्हे, ती तीच वनस्पती. सातहि तुकडे आईच्याच हातचे! वांटून कोणाचाच वांटा उणा झाला नाहीं. समयांच्या बाबतींत हें गणित आम्हांला जमलें नव्हतें.

एक फूट मीं धाकट्या भावाकडे पाठविली. वांटणीपासून आमचें बोलणें तुटल्यासारखेंच होतें. आठ दिवसांनीं त्याचा निरोप आला: "पाणी कोणतें घालूं?"

मीं कळविलें, "कोणतेंहि चालतें. आई न्हाणीचें घालीत असे."