पोस्टमनमामांचं बीट

पोस्टमनमामांनी माझ्या हातात दोनदा मोलाचं काही आणून ठेवलं. आधी मनिऑर्डर आणि पुढे कितीतरी वर्षांनी त्यांचं बीट, म्हणजे घरोघरची रोजची पायी फेरी. मनिऑर्डरचे पैसे वडिलांचे होते. ते मनमाडला रेल्वेत होते. महिनाअखेरीला आई उंबऱ्यात येऊन उभी राहायची आणि मामा गल्लीच्या तोंडापासूनच मान हलवायचे, आली किंवा नाही आली. तेवढीच सोय, पण ती त्या काळात मोठी होती. बीट मात्र मामांचं स्वतःचं होतं.

आमचं घर जुन्या जालन्यात, आनंदी स्वामींच्या मठाच्या अंगाला. माझा धंदा कर सल्लागाराचा. ‘जालना सोने का पालना’ असं आमच्याकडे म्हणतात, आणि त्या पाळण्याचे हिशेब लिहिणारा माणूस दिवसभर खुर्चीत असतो. बियाण्यांचे व्यापारी, सळईवाले, मोसंबीचे आडते, कुणीही आलं की चहा येतो. पाहुणा मानाचा असला की मागोमाग कचोरी. अशा आदरातिथ्यात माझं वजन 94 किलोवर गेलं आणि साखर, डॉक्टरांच्या शब्दांत, ‘बॉर्डरवर’ आली.

डॉक्टरांनी काट्यापेक्षा टेपला जास्त मान दिला. भारतीय पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत असावी, बाईची 80च्या आत, असं सांगून त्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा किस्सा ऐकवला. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांचा आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापून आला होता. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, म्हणजे कागदावर दोघे सारखेच सडपातळ. पण शरीरातली चरबी युडकिनची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आपल्याकडचा बारीक माणूससुद्धा आतून बारीक असतोच असं नाही. मी तर बारीकही नव्हतो.

तो काळ मोठा गमतीचा होता. 2018च्या सुमाराला अख्खा महाराष्ट्र जेवणाच्या वेळांवरून दुभंगला होता. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, कडकडून भूक लागेल तेव्हा, 55 मिनिटांच्या आत, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ऋजुता दिवेकरांचं म्हणणं, थोड्या थोड्या वेळाने खा, आपल्या मातीतलं खा, तुपाला भिऊ नका. आमच्या गल्लीत एका घरात दीक्षित, शेजारच्या घरात दिवेकर आणि एका घरात नवरा इकडे तर बायको तिकडे. मामांच्या ओट्यावर हा वाद रंगला की ते म्हणायचे, “भूक लागली का हे पोटाला विचारा ना, मोबाइलला कामून विचारता?” माझं मत विचाराल तर भांडणाच्या आवाजात एक गोष्ट बुडाली. पाय हलवा, हे दोघंही सांगत होते.

मी सकाळी फिरायला लागलो. गांधी चमन, शनिमंदिर, मोतीबाग आणि परत. बूट नवे, कानात गाणी. पाऊस आला की सुट्टी, रिटर्नचा जुलै आला की सुट्टी, लग्नसराईत तर प्रश्नच नाही. मामा ओट्यावरून बघत असायचे. एक दिवस त्यांनी हाक मारली.

“काय रे, मोतीबागेपर्यंत जाऊन परत येतोस, अन् हातात काहीच नाही? रिकामं कामून हिंडावं माणसानं?”

आणि माझ्या हातात एक डबा दिला. शनिमंदिरामागे एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या, त्यांच्यासाठी. दुसऱ्या दिवशी त्याच बाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या. मग कचेरी रोडवरच्या अंथरुणाला खिळलेल्या शिंप्याचं वर्तमानपत्र. गिरणीतून तीन घरची ज्वारी दळून आणणं, नोव्हेंबरात म्हाताऱ्यांच्या हयातीच्या दाखल्यांची धावपळ. नोकरी सुटल्यावरही मामा हे सगळं पायी करत होते. गुडघा बोलायला लागला तेव्हा त्यांनी ते घराघराने माझ्याकडे सोपवलं. जुन्या जालन्यातून निघून कुंडलिकेचा पूल ओलांडायचा आणि कादराबादेतली दोन घरं करून परत यायचं. “हे तुझं बीट,” ते म्हणाले. नियम एकच. गाडी काढायची नाही.

मी चुकवलं असतं तर वजन वाढलं असतं, ते माझं मी बघितलं असतं. पण बाईंची गोळी चुकली असती. त्या सात वाजता दाराची कडी काढून बसायच्या. एवढ्या एका गोष्टीने माझं चालणं जसं टिकलं तसं ते दीक्षितांच्या पुस्तकाने टिकलं नाही, माझ्या निश्चयाने तर नाहीच.

पुढे वाचनात आलं की कामाच्या ओघात होणाऱ्या अशा हालचालीचं मोल जेरी मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने 1953 सालीच मांडलं होतं. लंडनच्या दुमजली बसमध्ये बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त आणि दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना कमी. त्याने टपालखातंही तपासलं होतं. टेबलावरच्या कारकुनांपेक्षा पत्रं वाटणारे पोस्टमन या दुखण्यापासून जास्त सुरक्षित निघाले. 1956 साली तर त्याने बसवाल्यांच्या गणवेशातल्या विजारींची मापं काढली. ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या होत्या. मी हे मामांना वाचून दाखवलं. ते आत गेले आणि ट्रंकेतून खाकी पँट घेऊन आले. कंबरेच्या पट्टीवर धोब्याच्या शाईची खूण होती, शिवण सैल करण्यासाठी ठेवलेलं जास्तीचं कापड जसंच्या तसं दुमडलेलं. “शिंप्यानं माप एकदाच घेतलं,” मामा म्हणाले. “खात्याचं कापड आलं की नुसतं टाकून यायचो. लंडनला बी बीटच होतं म्हण की.”

हिशेबनीस असल्यामुळे मी आकडेही मांडून पाहिले. दिवसाला आठ चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे सोळा चमचे, साधारण 80 ग्रॅम, 320 उष्मांक. माझ्या वजनाच्या माणसाने साडेचार किलोमीटर चाललं तर जळतात जेमतेम तेवढेच. म्हणजे तासभराचा घाम आठ कपांत फिटतो! शिवाय एक किलो चरबी म्हणजे अंदाजे 7,700 उष्मांक. वजन उतरतं ते ताटातून, आणि उतरलेलं टिकतं ते चालण्याने, असा माझा निष्कर्ष. शरीर मात्र असं वहीप्रमाणे वागत नाही. वजन घटलं की त्याचा खर्चही घटतो, म्हणून काटा मध्येच अडून बसतो. पहिल्यांदा अडला तेव्हा मी वैतागून मामांकडे गेलो. ते जेवत होते.

त्यांचं जेवण बघण्यासारखं असे. आधी कांदा आणि मेथीची नाहीतर अंबाडीची भाजी नुसतीच, चार-पाच घास. मग शाळूची एक भाकरी, अर्धी वरणात आणि अर्धी ठेच्याशी. भाकरीचा पापुद्रा सोडवून ते तो शेवटी खायचे. दुसरी भाकरी तव्यावरून येताना दिसली की ताटावर हात आडवा. वर पातळ ताक. ज्वारीत जादू नाही, चार खाल्ल्या तर चारींचा हिशेब लागतो. पण भाकरी चावावी लागते, ती घाईने पोटात ढकलता येत नाही, हा तिचा गुण. आमच्या घरी तेलाची पळी जाऊन चमचा आला, तो बायकोच्या हिमतीने. त्या घरगुती लढाईवर मी लिहू नये हेच बरं.

“काटा अडलाय,” मी म्हणालो.

“गोळ्या पोचल्या का?”

“पोचल्या.”

“मग झालं की.”

आता वजन 80च्या आसपास असतं. दिवाळीत दोनेक किलो चढतं, संक्रांत उलटली की हळूहळू खाली येतं. साखर सीमेच्या अलीकडे आहे. चहा दोन, बिनसाखरेचे. कचोरी बंद नाही, क्वचित खातो आणि खाताना अपराधी वाटून घेत नाही.

मामा सध्या मुलाकडे पुण्याला असतात. फोनवर माझ्या वजनाची चौकशी त्यांनी कधी केलेली नाही. शिंपी कसा आहे, बाईंच्या पायाची सूज उतरली का, गिरणीवाल्याने दर वाढवला का, हेच चालतं. एकदा मी म्हटलं, “मामा, तुमचं इन्कम टॅक्सचं काही काम असेल तर सांगा, फी नको.” ते हसले. पेन्शनवर त्यांना कर बसत नाही. माझ्याकडे देण्यासारखं एवढंच होतं, आणि त्याची त्यांना गरज नाही.