तीन लाइनींची सुट्टी

मुंबईत माणसाची ओळख स्टेशनावरून होते. आमच्यात एक विरारची, एक डोंबिवलीची, एक पनवेलचा, एक गिरगावकर आणि मी ठाण्याची. रुपारेल कॉलेजच्या कट्ट्यावर जमलेली ही टोळी. तेव्हा सगळे हाकेच्या अंतरावर असल्यासारखे वाटायचो, कारण भेटण्याची जागा एकच होती. नंतर नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, आणि ज्याला जिथे परवडलं तिथे त्याने घर घेतलं. चर्चगेटपासून विरार साठ किलोमीटर, पनवेल तर खाडीपलीकडे. एकाच शहरात राहून आम्ही तीन लाइनींवर पांगलो: वेस्टर्न, सेंट्रल आणि हार्बर.

भेटायचं ठरतं ते दादरला, तेही उभ्या उभ्या. पुलावर गर्दीच्या एका कडेला, पाठीवरच्या बॅगा पोटाशी घेऊन चहा प्यायचा, मुलांची चौकशी करायची, कोणाच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं ते अर्धंच ऐकायचं. तेवढ्यात एकीची गाडी लागते. पूर्वी तर दादरला दोन्ही लाइनींवर एक नंबरचा प्लॅटफॉर्म होता. ‘एकवर थांब’ म्हटलं की कोण कुठल्या एकवर उभं आहे ते शोधण्यातच वेळ जायचा. डिसेंबर २०२३पासून वेस्टर्नचे एक ते सात आणि सेंट्रलचे आठ ते चौदा असे सलग नंबर झाले. मला तो बदल फार आवडला. निदान आकड्यांमध्ये तरी दोन लाइनी एकमेकींना जोडल्या गेल्या. रविवारी निवांत भेटावं म्हटलं, तर कुठे ना कुठे मेगाब्लॉक असतोच.

म्हणून आम्ही जोडून येणाऱ्या सुट्ट्यांवर डोळा ठेवून असतो. नवं कालनिर्णय भिंतीवर लागलं की डोंबिवलीवाली सणांआधी त्यांचे वार बघते. २०२५च्या ऑगस्टचं पान तिने जानेवारीतच आम्हाला पाठवलं होतं. १५ ऑगस्ट शुक्रवारी, गोपाळकाला शनिवारी आणि मग रविवार. अशा सुट्टीत निम्मी मुंबई लोणावळ्याला निघते. बोरघाटात गाड्या एकामागे एक अडकतात, भुशी डॅमच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. आम्ही ठरवलं, कुठेही जायचं नाही. गिरगावकराच्या चाळीत राहायला जायचं आणि तीन दिवस मुंबईतच मनसोक्त हुंदडायचं.

गुरुवारी रात्री सगळे पोचलो. दोन खोल्या, समोर लांबलचक गॅलरी, आणि शेजारच्या काकूंनी न मागताच पाठवलेल्या दोन चटया. गिरगावकराची आई आम्हाला कॉलेजपासून ओळखते. तिने प्रत्येकाला नाव घेऊन हाक मारली, तेव्हा विरारवालीचा गळा दाटून आला. घरात आणि ऑफिसात सतत कोणाची तरी आई, कोणाची तरी मॅडम म्हणून वावरणाऱ्या बाईला आपलं जुनं, अर्धवट तोडलेलं नाव ऐकायला मिळणं ही किती मोठी गोष्ट असते, ते मला तिच्याकडे बघून कळलं.

शुक्रवारी सकाळी चाळीच्या अंगणात झेंडावंदन झालं. इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यांतले आजोबा, रांगेत ढकलाढकली करणारी मुलं, आणि त्यानंतर कागदात बांधून आणलेली गरम जिलबी. त्याच दिवशी पारशी नवरोजही होता. चालत धोबी तलावाकडे गेलो, तर एका अग्यारीच्या दाराला ताज्या फुलांचं तोरण होतं आणि उंबऱ्याशी खडूच्या भुकटीची ठिपक्यांची नक्षी. आत फक्त पारशांनाच जाता येतं, म्हणून आम्ही समोरच्या फुटपाथवर थांबलो. एक वृद्ध जोडपं, आजोबा पांढऱ्या डगल्यात, हातात हात घालून बाहेर आलं. आम्ही ‘नवरोज मुबारक’ म्हटलं, तर आजोबा डोक्यावरच्या काळ्या टोपीला हात लावून मनापासून हसले. आमच्या झेंड्याचा आणि त्यांच्या नव्या वर्षाचा दिवस एकच आला, याचा त्यांनाही आनंद झाला असावा.

संध्याकाळी सीएसएमटीला लायटिंग बघायला गेलो. एक स्टेशन, समोर एक महापालिका, दोन्ही इमारती एकाच माणसाच्या, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या हातच्या. रोज आम्ही त्या स्टेशनातून मान खाली घालून पळत सुटतो. त्या रात्री मात्र रस्ताभर माना वर होत्या. केशरी, पांढरा आणि हिरवा उजेड घुमटावरून उतरून ओल्या डांबरावर सांडला होता. कल्याण, मुंब्रा, गोवंडी, कुठून कुठून घरंच्या घरं आली होती. बापाच्या खांद्यावर बसलेल्या मुलीच्या गालांवर तिरंगा रंगवला होता, आणि पावसाने तो ओघळून तिच्या फ्रॉकवर उतरला होता. पनवेलच्या मित्राने आमच्या सगळ्यांचा फोटो काढायला एका हवालदाराला विनंती केली. त्यांनी टोपी सावरत, दोन पावलं मागे जाऊन, घुमट पूर्ण येईल असा फोटो काढून दिला.

शनिवार उजाडला तो मुसळधार पावसात. सकाळची पहिली बातमी विक्रोळीची होती. पहाटे दरड कोसळून दोन जीव गेले होते. गॅलरीत चहाचे कप हातात घेऊन आम्ही बराच वेळ गप्प बसलो. त्या डोंगरउताराच्या वस्त्या ट्रेनमधून रोज दिसतात, दर पावसाळ्यात काळजात धस्स होतं, आणि दर पावसाळ्यात हेच घडतं. सण असो की सुट्टी, राग येतोच. मग खाली चाळीच्या गोविंदा पथकाची गाडी आली, ‘बोल बजरंग बली की जय’चा गजर झाला, आणि गिरगावकराची आई म्हणाली, “जा रे, पोरं भिजून थर लावतायत, बघायला कोणीतरी हवं.”

आम्ही चर्नी रोडहून दादर गाठलं. आयडियल या पुस्तकांच्या दुकानाच्या गल्लीत माणसांनी भिंती धरल्या होत्या. इथे महिलांची पथकं थर लावतात. गुरुपौर्णिमेपासून सराव करून खांदे तयार केलेल्या बायका, केस घट्ट बांधलेल्या, एकमेकींच्या दंडांत दंड गुंतवून खालचा गोल पक्का करत होत्या. थर लावणं म्हणजे वर चढणं, असं लांबून वाटतं. जवळून पाहिलं की कळतं, सगळी कसोटी खाली आहे. तळाच्या बाईला वर बघता येत नाही. तिच्या मानेवर कोणाची तरी टाच रुतलेली असते, डोळ्यांत पाणी उतरत असतं, आणि आपल्या डोक्यावर काय चाललंय हे तिला फक्त खांद्यावरच्या वजनावरून समजतं.

आणि मग नयन फाउंडेशनचं पथक आलं, दृष्टिहीन मुलांचं. गल्लीचा आवाज एकदम उतरला. चढणाऱ्या मुलाने आधी तळव्याने पुढच्याचा खांदा चाचपला, मानेपासून दंडापर्यंत, जागा नक्की केली, आणि मगच त्यावर पाऊल ठेवलं. वरचा मुलगा उभा राहिला तेव्हा त्याने चेहरा पावसाकडे केला होता. सलामी दिली. सगळे उतरेपर्यंत माझ्या शेजारच्या विरारवालीने माझं मनगट इतकं आवळलं होतं, की तिच्या बांगडीची खूण संध्याकाळपर्यंत राहिली. टाळ्या थांबत नव्हत्या. खाली उतरलेली मुलं एकमेकांच्या डोक्यांवर हात फिरवून मोजत होती, सगळे आलेत ना याची खात्री करत होती.

दरवर्षी गोविंदा जखमी होतात, काही घरी परत येत नाहीत, हे विसरून हा सण साजरा करता येत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना थरावर चढवायला बंदी आहे आणि ती कसोशीने पाळली जायलाच हवी. हेल्मेट आणि वरून बांधलेला दोर पाहून मला आता बरं वाटतं.

संध्याकाळी चाळीत परत आलो, कपडे गॅलरीत पिळून टाकले आणि ठाण्याची बातमी पाहिली. जोगेश्वरीच्या कोकण नगर पथकाने दहा थर लावले होते! २०१२मध्ये जय जवान पथकाने ठाण्यातच नऊ थर रचून ४३.७९ फुटांचा विक्रम केला होता, त्याच्याही पुढे हे थर गेले. पथक वेस्टर्नचं, मैदान सेंट्रलचं, म्हणून श्रेय कोणाचं यावर विरारवाली आणि मी कांदा चिरता चिरता तावातावाने भांडलो. रात्री पिठलं-भात झाला. गिरगावकराच्या आईने दहीपोहे राखून ठेवले होते, ते शेवटी सगळ्यांनी एकाच पातेल्यातून खाल्ले. दिवे मालवल्यावर अंधारात गप्पांना खरी सुरुवात झाली. दादरच्या पुलावर कित्येक महिने अर्ध्यावर राहिलेलं सगळं त्या रात्री पूर्ण ऐकलं. डोंबिवलीवालीच्या आईचं ऑपरेशन, तिने एकटीने काढलेल्या रात्री. पनवेलच्या मित्राची गेलेली नोकरी, जी त्याने आम्हालाही सांगितली नव्हती. कोणी कोणाला सल्ला दिला नाही. ऐकायला वेळ होता, एवढंच पुरेसं होतं.

रविवार माटुंग्याचा. स्टेशनाबाहेर रामा नायकांचं उडपी बोर्डिंग १९४२पासून केळीच्या पानावर जेवू घालतंय. कॉलेजात असताना महिन्याच्या सुरुवातीलाच परवडायचं. रांगेत उभं राहून, पानावर रसम ओघळू न देता भात कालवण्याची जुनी कसरत करून, पोट तुडुंब भरून आम्ही झेड ब्रिजवर आलो. सेंट्रलचं माटुंगा आणि वेस्टर्नचं माटुंगा रोड यांना जोडणारा हा पूल आम्हाला पाठ आहे. एका लेक्चरला बुट्टी मारून याच कठड्याला टेकून आम्ही दोन्हीकडच्या गाड्या पाहिल्या आहेत. पलीकडे यशवंत नाट्यमंदिर. नूतनीकरणानंतर २०२४मध्ये ते पुन्हा उघडलं, आणि मधल्या काळात बंद दारावरून जाताना वाटणारी हळहळ संपली. दुपारचा प्रयोग हाऊसफुल्ल होता. तिसरी घंटा झाली तरी पनवेलचा मित्र खुर्चीत वळून मागच्या रांगेतल्या अनोळखी आजींशी बोलत होता. मध्यंतरात बटाटेवड्यासाठी झुंबड उडाली. पोट भरलेलं असूनही आम्ही तो खाल्ला, कारण वड्याशिवाय नाटक पाहिल्यासारखं वाटत नाही.

नाटक सुटल्यावर विरारवाली आणि गिरगावकर माटुंगा रोडला वळले. आम्ही उरलेले पूल ओलांडून सेंट्रलला आलो. दसरा आणि गांधी जयंती दोन्ही २ ऑक्टोबरलाच, गुरुवारी, एक सुट्टी वाया गेली म्हणून पनवेलचा मित्र हळहळत होता. “शुक्रवारची रजा टाक की,” डोंबिवलीवाली म्हणाली, “चार दिवस होतात. आणि या वेळी सगळे माझ्याकडे. गाद्या आहेत, वर टेरेस आहे.” तेवढ्यात तिची गाडी आली. दारातल्या दांड्याला धरून तिने मागे वळून ओरडून विचारलं, “विरारवालीला सांगणार कोण?”

पनवेलच्या मित्राने तिथल्या तिथे फोन लावला.