आडवा आलेला खुरूस

आमच्या मुंबईतल्या गावठाणात, गल्लीच्या वळणावर एक दगडी क्रूस आहे. आजी त्याला 'खुरूस' म्हणे. चौथऱ्यावर साल कोरलंय, १८९७. तो हलवावा अशा अर्जावर पहिली सही माझी होती. कारण एवढंच, की माझी गाडी तिथे वळत नसे.

तोंडाने मात्र मी मोठी कारणं सांगायचो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, माणसं पटापट मेली, लोक शहर सोडून पळाले. मागे उरलेल्यांनी गावठाणांत क्रूस उभारले, साथ वेशीबाहेर राहावी म्हणून. मी म्हणायचो, प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो. पिसवा दगडाला भितात का? शिवाय क्रूस म्हणजे रोमनांचा वधस्तंभ. गुलाम, बंडखोर यांना भर रस्त्यात टांगायचं, बघणाऱ्यांना दहशत बसावी म्हणून. फाशीचा दोर कुणी गळ्यात मिरवतं का? माझा सोन्याचा क्रूस मी विशीतच डबीत ठेवून दिला होता.

मग १० एप्रिल २०२० चा गुड फ्रायडे आला. एरवी त्या दिवशी आम्ही चर्चमध्ये रांगेने क्रुसाचं चुंबन घेतो. त्या वर्षी कोविडच्या टाळेबंदीमुळे चर्चला कुलूप. संध्याकाळी कुणीतरी खुरसापाशी मेणबत्ती लावली आणि एकेका खिडकीतून रोझरीची प्रार्थना सुरू झाली. मी पडद्याआड उभा होतो, ओठ मिटून.

पुढे गल्लीतले एक अंकल गेले. इस्पितळातून परस्पर दफन झालं. मुलाला तोंडही बघायला मिळालं नाही. त्या रात्री तो खुरसाच्या चौथऱ्यावर येऊन बसला. बराच वेळ नुसताच बसला.

वरून बघताना माझा सगळा युक्तिवाद गळून पडला. खुरसाने प्लेग थांबवला नव्हता. उभारणाऱ्यांच्या घरांतूनही माणसं गेली असणार, तरी त्यांनी तो पाडला नाही. सोबती पांगलेले, वेशीबाहेर, उघड्यावर आलेलं मरण मूळच्या लाकडी क्रुसावरच्या येशूने सोसलं होतं. वधस्तंभ म्हणून मी क्रूस नाकारत आलो. वधस्तंभ होता म्हणूनच त्या मुलाला त्याच्या पायाशी बसता आलं.

अर्जावरची सही मी मागे घेतली. सोन्याचा क्रूस अजून डबीतच आहे. घालावासा वाटत नाही. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावतो, तिथून चालत येतो. वळणावर क्षणभर थांबतो. प्रार्थना दर वेळी सुचतेच असं नाही.