तोडल्यावर काय उरेल?

लोधीखेड्यात कुणी बाग लावून द्यायला बोलावलं, की घरची मंडळी आधी समोरची जागा दाखवतात. इथं लॉन, तिथं क्रोटन, फाटकावर बोगनवेल. भाजीचं विचारलं की बोट जातं मागे, मोरीकडे. धोपा, पुदिना, गोडलिंब, सगळा संसार तिथं. ही वाटणी मला पटत नाही. फ्रान्समध्ये विलांद्रीच्या वाड्यात कोबी आणि बीटचे वाफेच नक्षीसारखे आखलेत. 1906 साली तो वाडा घेणाऱ्या जोआकिम कार्वाल्यो यांनी ती बाग पुन्हा उभी केली. आज लोक तिकीट काढून भाजीपाला बघायला जातात!

आपल्याला एवढी नक्षी नको. पण खायची बाग तोडावी लागते, ही अडचण तिथंही आहे आणि इथंही. गड्डा कापला की तिथं नुसती माती. म्हणून जागा ठरवताना मी एकच विचारतो, तोडल्यावर काय उरेल? दर्शनी कडेला पान-पान खुडायची झाडं लावतो : लाल माठ, पालक, पुदिना, गवती चहा. मुळा, कांदा, सांभार मुळासकट उपटायचे, ते आडबाजूला. लाल देठाची अंबाडी भिंतीशी ओळीनं लावली, की पावसाळ्यात भाजीही निघते आणि पुढे फुलंही येतात. ती गेल्यावर भिंत उघडी दिसू नये म्हणून मागे डाळिंब आणि गोडलिंब कायमचे.

खरी ओढाताण होते संत्र्यावरून. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, छिंदवाड्याचा पत्ता सुटला. पण सौंसरकडच्या माणसाला दारात संत्रा हवाच. हवा तर हवा, पण त्याच्या बुडाशी पालक-मेथी नको. भाजीला सारखं पाणी लागतं. संत्र्याला बहार धरायचा तर ताण द्यावा लागतो. अंबियासाठी हिवाळ्यात, मृगासाठी ऐन मे महिन्यात. रोज ओल मिळणारं झाड पानांनी गच्च भरतं आणि फुलायचं टाळतं. त्यात आपली काळी माती पाणी धरून ठेवते. बुंध्याशी ओल राहिली की डिंक्या लागतो, साल फुटून डिंक गळतो. म्हणून संत्रा एकटा, उंचवट्यावर. पाणी दुहेरी आळ्यातून, बुंध्याला न टेकता. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट. निळसर खोड काहींना विद्रूप वाटतं, मला नाही. कलमाच्या खालून जांभेरीचे फुटवे आले तर लगेच काढायचे, नाहीतर चार वर्षांनी दारात जांभेरीच उभी राहते.

एवढं सांभाळणं होणार नसेल तर अंगणात डाळिंब बरं. ऊन सोसतं, लालभडक फुलतं, कुंपणाशी आटोपशीर राहतं. त्यालाही साचलेलं पाणी चालत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

शोभेच्या आणि खाण्याच्या झाडांचा शेजार जमवताना दोन गोष्टी पाळा. गुलाबावर मारलेलं औषध वाऱ्यानं पालकावर उडतं, म्हणून दोघांत अंतर ठेवा. आणि कण्हेर कितीही फुलत असली तरी भाजीच्या वाफ्याला लागून लावू नका. तिचं पान, फूल, बी, सगळंच विषारी असतं.