लंडन इथून किती लांब?

परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की आमच्या शाळेच्या पालकसभेत खर्चाच्याही आधी एक प्रश्न येतो : "सर, लंडन इथून किती लांब?" नांदेड-लातूरच्या खेड्यापाड्यांतील पालकांकडून आम्ही तो इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचे उत्तर या स्मरणिकेत नोंदवून ठेवणे उचित वाटते.

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. वर्गात आम्ही ते पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखवितो. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर वाट सीरियाच्या बाजूने जाते. गोलावरील दोरा उत्तरेकडे सरकून इराण आणि कॉकेशस पर्वतावरून जातो, आणि तीच सर्वांत जवळची वाट. ताशी 900 किलोमीटर वेगाने भागाकार केला तर आठ तास येतात. प्रत्यक्षात जाताना साडेनऊ-दहा तास लागतात; कारण उंचावरील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि युद्धामुळे बंद झालेल्या आकाशाला वळसा घालावा लागतो. परतताना तेच वारे पाठीशी असल्याने वेळ कमी लागतो. घड्याळाचा हिशेब निराळा : आपल्याकडे सकाळी साडेदहाला परिपाठ चालू असतो, तेव्हा हिवाळ्यातील लंडनमध्ये पहाटेचे पाच वाजलेले असतात.

आमच्या मुलांचा प्रवास मात्र मुंबईपासून सुरू होत नाही. 27 एप्रिल 2017 रोजी 'उडान' योजनेतून नांदेड-हैदराबाद विमानसेवा सुरू झाली. पुढे त्या सेवेत खंडही पडला. बहुतेकांची भिस्त आजही रेल्वेवरच. रात्री लातूरहून निघालेली गाडी सकाळी मुंबईस पोहोचते. म्हणजे लातूर-मुंबई आणि मुंबई-लंडन या दोन प्रवासांच्या वेळेत फारसा फरक नाही!

बाबासाहेब 1913 मध्ये न्यूयॉर्कला आणि 1916 मध्ये लंडनला गेले ते जहाजाने. 1917 मध्ये परतताना निराळ्या जहाजाने पाठविलेले त्यांचे ग्रंथ, ते जहाज टॉर्पेडोने बुडाल्यामुळे, समुद्रात गेले. तरीही 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाले.

मुखेडकडील एका ऊसतोड करणाऱ्या आईला आम्ही हे सारे सांगितले. ती म्हणाली, "सर, आमचा ट्रॅक्टर कारखान्यावर पोचायला दोन दिवस लागतात. अन् सहा महिने लेकीचं तोंड दिसत नव्हतं, तेव्हा ती तुमच्याच वसतिगृहात होती की. ते अंतर मोठं होतं." आमच्या दोऱ्यावर न मावणारे माप तिने दिले. तिच्या मुलीने परदेश शिष्यवृत्तीचा अर्ज भरला.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तीत शिक्षण शुल्क, निर्वाह भत्ता आणि जाण्यायेण्याचे विमानभाडे मिळते. पालकांनी अंतर विचारून झाल्यावर अर्जाची अंतिम तारीख अवश्य विचारावी. आणि मुंबईतील माजी विद्यार्थ्यांस आमची एक विनंती : आपली मुले सकाळी गाडीतून उतरतात, त्यांचे विमान अनेकदा मध्यरात्रीनंतर असते. तो एक दिवस त्यांना आपल्या घरी विसावा द्यावा.