आपण मूळचे कुठले?

पुण्यात सदनिकेत राहणाऱ्या ऐंशीच्या घरातील कुणालाही ‘आपण मूळचे कुठले?’ असे विचारून पाहा. सासवड, भोर, जुन्नर, फलटण अशी नावे येतील; पुणे क्वचितच. रक्तदाब मोजून झाल्यावर हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो. (मोजताना बोलले की आकडा वाढतो.) थकलेला चेहरा उजळतो, हे तपासणीइतकेच मोलाचे वाटते.

मी स्वतः वाईचा. ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ मध्ये रास्त्यांनी बांधले आणि त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केली, ती पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून. आम्हां मुलांना मात्र एवढेच ठाऊक, की पाणी देवळाच्या पायऱ्यांवर चढले की शाळेला सुट्टी मिळण्याची आशा धरावी. माघ-फाल्गुनात घाटाघाटांवर कृष्णाबाईचा उत्सव असे. गंगापुरीचा प्रसाद सरस की मधल्या आळीचा, हा वाद पंगतीतही मिटत नसे. मराठी विश्वकोशाचे कार्यालय गावातच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी रस्त्याने निघाले की वडीलधारी मंडळी बाजूला सरून नमस्कार करीत. एवढ्याशा गावात ज्ञानाला असा मान होता, हे मला पुण्यात आल्यावर कळले.

दहा ते तीस या वयातील आठवणी उतारवयात सर्वाधिक ठळक राहतात, असे स्मृतिशास्त्र सांगते. स्मृतिभ्रंशात सकाळचा चहा विसरला जातो, पण घाटावरची आळी आठवते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडले, की वृद्धांचे गतायुष्यात रमणे हा बुद्धीचा ऱ्हास नसून आयुष्याचा हिशेब लावण्याची स्वाभाविक क्रिया आहे. म्हणून तीच गोष्ट दहाव्यांदा ऐकताना ‘हे सांगून झाले’ म्हणू नये. आणि संध्याकाळ झाली की ‘मला घरी जायचे आहे’ असा धोशा सुरू झाला, तर ‘हेच तुमचे घर’ हे उत्तर देऊ नका. ‘घरी अंगणात काय होते?’ असे विचारा. बहुधा त्यांना गाव हवा नसतो, तिथला निवांतपणा हवा असतो.

प्रकृती बरी असेल, तर एकदा अवश्य घेऊन जा. वाई पुण्याहून सुमारे नव्वद किलोमीटर. पहाटे निघा, औषधांच्या वेळा चुकवू नका, खंबाटकी चढण्यापूर्वी एकदा थांबा, कारण लघवीची घाई ज्येष्ठ मंडळी संकोचाने सांगत नाहीत. घाटाच्या पायऱ्या ओलसर असतात. वरूनच नदी दाखवा, हाताला धरून. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाटावर वसईच्या मोहिमेतून आणलेली घंटा आहे, तिथे सावलीत बसता येते. जुना वाडा पाडून इमारत उभी राहिली असेल, तर ते आधी सांगून ठेवा. स्मृतिभ्रंश पुढे गेलेल्यांना मात्र प्रत्यक्ष नेण्यापेक्षा जुनी छायाचित्रे दाखवणे श्रेयस्कर. बदललेल्या गावाने ते बावरतात.

परतीच्या वाटेवर घाटाऐवजी बोगदा लागतो. तोवर बोलून बोलून त्यांचा डोळा लागला असेल. उठवू नका, मान तेवढी उशीने सावरा.