हंसाचं पाऊल

फोर्सेपचं टोक थरथरतंय, हे माझ्याआधी सिस्टरच्या लक्षात आलं. ती बोलली काहीच नाही. पुढचं इन्स्ट्रुमेंट माझ्या हातात देताना क्षणभर जास्त धरून ठेवलं, एवढंच. त्या महिन्यात मी पॅरोटिड, म्हणजे कानाखालच्या लाळग्रंथीची ऑपरेशनं, करणं सोडलं. आता आठवड्यातून दोन सकाळी एका कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमध्ये उभा असतो. तिथे पहिल्या वर्षाच्या एका मुलीने विचारलं, "सर, ॲनाटॉमी सगळ्यात जास्त कोणाला येते?"

"सर्जनला." तीस वर्षं हेच उत्तर देत आलोय.

"कुठल्या सर्जनला?"

आता आली पंचाईत. ऑर्थोवाल्याला हातापायांतलं सगळं पाठ, पण गळ्यापाशी आला की तो पाहुण्यासारखा वागतो. न्यूरोसर्जनला कवटीच्या तळाचं भोकन् भोक ठाऊक. पोट त्याने एमबीबीएसला सोडलं ते सोडलंच. भूलतज्ज्ञाला आम्ही 'झोपवणारा' म्हणून हिणवायचो. तो आज सोनोग्राफीवर ब्रेकियल प्लेक्सस बघत बघत सुई नेतो. आणि रेडिऑलॉजिस्ट? डोक्यापासून टाचेपर्यंत, आडवं, उभं, कसंही कापून दाखवा, त्याला ओळखता येतं. हे कबूल करताना माझी जीभ जड होते. "साध्या सीटीवर पॅरोटिडमधली, चेहरा हलवणारी फेशियल नर्व्ह दिसत नाही, तुम्ही शेजारच्या शिरेवरून अंदाज बांधता," हे वाक्य मी कॉन्फरन्समध्ये किती वेळा फेकलंय! ते खरंही आहे. पण त्याचा रिपोर्ट आदल्या रात्री मी दोनदा वाचलेला असायचा, हेही खरं.

माझी स्वतःची ॲनाटॉमी म्हणाल तर जेमतेम एक इंच. कानाच्या पाळीखाली नर्व्ह हाडातून बाहेर पडते तिथपासून तिला फाटे फुटतात तिथपर्यंत. त्या फाट्यांना जुन्या लोकांनी हंसाच्या पावलाचं नाव दिलं, पेस ॲन्सेरिनस. पाऊल कुणालाही दिसतं हो! त्याच्या वरचा पाय, म्हणजे ट्रंक, सापडायला हवा. कानाच्या कूर्चेचं टोक धरून चाला म्हणतात, पण रेट्रॅक्टर ओढला की ते टोकच सरकतं. माझी भिस्त टायम्पॅनोमास्टॉइड सूचरवर, म्हणजे कानापाशी हाडं जुळतात त्या फटीवर, कारण हाड हलत नाही. तिथून सहा ते आठ मिलिमीटर खोल. तरीही मोठी गाठ असली की खूण जागेवर आणि नर्व्ह भलतीकडेच, गाठीवर ताणून चपटी झालेली. त्यात एखादी बारीक रक्तवाहिनी सुटते, सक्शन होतं, आणि तळाशी एक पांढरा दोरा दिसतो. नर्व्ह की नुसता तंतू? दोनशेच्या वर केसेस केल्या, दर वेळी हा प्रश्न पहिल्यांदाच पडल्यासारखा पडला. नर्व्ह मॉनिटर आल्यावर मी त्याचा आवाज बंद करायला सांगायचो. यंत्राने मला सांगायचं? नवी पोरं त्या बीपवरच चालतात, बीप नाही म्हणजे नर्व्ह नाही असं समजतात, याचा मला राग येतो. पण आवाज चालू असता तर एका शाळामास्तरांचा खालचा ओठ वाचला असता का, हा हिशोब मी अजून केलेला नाही. "सहा महिन्यांत येईल परत," असं मी त्यांना म्हणालो होतो. मुलीच्या लग्नाच्या फोटोत मास्तर तोंड मिटून उभे आहेत.

१९५६ साली डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी चेहऱ्याच्या ३५० बाजू उलगडून या फाट्यांचे सहा प्रकार मांडले. ते मला तोंडपाठ आहेत आणि टेबलावर त्यांचा काडीचा उपयोग झालेला नाही. ज्ञान हातात असतं, असं मी म्हणायचो, आणि दाखल्याला कार्टर असायचा. १८५८ साली ग्रेचं ॲनाटॉमीचं पुस्तक आलं, त्यातल्या आकृत्या हेन्री व्हॅनडाइक कार्टरच्या. त्याच वर्षी तो मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला. पुस्तकावर नाव मात्र ग्रेचं चाललं. हाताची बाजू घेऊन मी कितीदा भांडलो! आता तोच हात चहाच्या कपाची बशी वाजवतो.

पोरांना हल्ली पहिलं वर्ष म्हणजे खरोखर एकच वर्ष मिळतं; १९९७च्या आधी आम्हाला दीड मिळायचं. म्हणून त्या मुलीकडून मी फार अपेक्षा ठेवली नव्हती. टेबलावरच्या आजोबांच्या गालाचं डिसेक्शन तिच्याकडे होतं. खुणा कुठल्या, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने गालावरचा एक बारीक फाटा चिमट्याने उचलला आणि त्याच्या मागोमाग कानाकडे निघाली. उलट वाटेने जाणं म्हणजे भित्र्यांचं काम, असं मी रेसिडेंटना शिकवत आलो. तासाभराने ती ट्रंकवर होती, सगळे फाटे शाबूत. फॉर्मॅलिनमधलं शरीर, रक्त नाही, घाई नाही, कुणाचा ओठ पणाला लागलेला नाही, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं.

मी पट्टी मागवली आणि सूचरपासूनचं अंतर मोजलं. आठ मिलिमीटर.